तिसऱ्या दिवसाची कावीळ

अन्नातून येणारी साखर, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे शरीरात अखंड रूपांतर चालू असते. त्यातून ऊर्जा मिळते, पेशींची बांधणी होते आणि निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकण्याजोगी होतात. या साऱ्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. तो हजारो लहान टप्प्यांनी पुढे सरकतो आणि जवळपास प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजे ती विशिष्ट रासायनिक क्रिया जलद घडवून आणणारे प्रथिन, कामाला असते. विकर कसे घडवायचे याचा आराखडा जनुकात असतो, आणि जनुके आईवडिलांकडून येत असल्यामुळे आराखड्यातील चूकही पिढ्यानपिढ्या चालत येते. लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०८ सालच्या आपल्या व्याख्यानांतून अशा विकारांना ‘जन्मजात चयापचय दोष’ ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांच्या विवेचनाच्या मध्यभागी लघवी हवेत राहिल्यावर काळी पडते असा एक फारसा घातक न वाटणारा विकार होता. याच जातीचे दोष मेंदू कायमचा अधू करू शकतात, हे पुढच्या काही दशकांत उलगडले.

मेंदूलाच याची झळ अधिक का लागते, याचे उत्तर त्याच्या भुकेत आणि त्याच्या वाढीच्या वेळापत्रकात आहे. प्रौढाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास असते, पण विश्रांतीच्या काळात शरीर जी ऊर्जा खर्च करते तिच्यातील सुमारे २० टक्के वाटा तो एकटा घेतो, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा वाटा याहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे चयापचयातील दोष मेंदूपर्यंत तीन वाटांनी पोहोचतो. काही विकारांत पेशींना ऊर्जाच पुरत नाही. काहींत न मोडलेले मोठे रेणू मज्जापेशींच्या आत साठत जाऊन त्या फुगतात आणि मरतात. तर काहींत अडलेल्या टप्प्यामागचे द्रव्य रक्तात तुंबून मेंदूला विषासारखे बाधते. फिनिलकीटोनुरिया हा या तिसऱ्या प्रकारचा सर्वांत परिचित विकार होय. नॉर्वेचे आस्ब्यर्न फलिंग यांनी १९३४ साली तो ओळखला, १९५० च्या दशकात त्यावर विशिष्ट आहाराचा उपाय सापडला, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून तो जन्मानंतर लगेच पकडण्याची पद्धत दिली. वेळेत ओळख पटली तर आनुवंशिक दोष असूनही मेंदू वाचवता येतो, हा धडा त्या थेंबाने जगाला दिला.

फिनिलकीटोनुरियासारखे विकार एकेकटे पाहिले तर दुर्मीळ असतात. परंतु चयापचयाचा एक आनुवंशिक दोष असा आहे की जगातील सुमारे ४० कोटी माणसे तो अंगी बाळगून जगतात आणि त्यांतील बहुतेकांना त्याची जाणीवही नसते. त्याचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या विकराची कमतरता, थोडक्यात जी-सिक्स-पीडीची कमतरता. गोंदिया जिल्ह्यातील देवरीसारख्या तालुक्यात या दोषाचा विचार अगत्याने का करायला हवा, हे समजून घेण्यासाठी आधी रक्तातील लाल पेशीकडे पाहावे लागते.

लाल पेशीची तुटपुंजी शिदोरी

लाल रक्तपेशीत केंद्रक नसते. त्यामुळे तिला नवी प्रथिने घडवता येत नाहीत आणि अस्थिमज्जेतून बाहेर पडताना मिळालेल्या विकरांच्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात. प्राणवायू वाहून नेण्याचे तिचे कामच असे आहे की प्राणवायूचे उपद्रवी, अतिक्रियाशील रेणू तिच्यात सतत निर्माण होत राहतात. त्यांना निष्प्रभ करण्यासाठी पेशी ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य वापरते, आणि वापरलेले ग्लुटाथायोन पुन्हा कामाजोगे करण्यासाठी जे रासायनिक बळ लागते ते लाल पेशीत जी-सिक्स-पीडी या विकराकडूनच सुरू होणाऱ्या मार्गाने मिळते. इतर पेशींना याला पर्याय आहेत, लाल पेशीला नाही. विकर कमी असले तरी रोजचा ताण निभावून जातो. मात्र एखादे औषध, जंतुसंसर्ग किंवा रसायन यांमुळे ताण एकाएकी वाढला की पेशीतील हिमोग्लोबिन बिघडते, त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात आणि प्लीहा अशा पेशी वेचून मोडते. लाल पेशींच्या या अकाली फुटण्याला रक्तविलयन म्हणतात.

या दोषाचा शोध हिवतापाच्या औषधामुळे लागला. प्रायमाक्विन या गोळीने काही माणसांची लघवी गडद होऊन त्यांना तीव्र रक्तक्षय का होतो, याचा माग काढताना पॉल कार्सन, आल्फ आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली या विकराची कमतरता दाखवून दिली. हिवतापाशी असलेले नाते एवढ्यावर संपत नाही. ज्या प्रदेशांत हिवताप पिढ्यानपिढ्या ठाण मांडून होता, नेमक्या त्याच प्रदेशांत हा दोष अधिक आढळतो, कारण विकर कमी असलेल्या लाल पेशीत हिवतापाच्या जंतूला नीट वाढता येत नाही आणि त्यामुळे असे जनुक असलेली मुले जीवघेण्या हिवतापातून अधिक संख्येने वाचत आली. सिकलसेलच्या जनुकाची कथाही याच वळणाची आहे.

भारतातील निरनिराळ्या समाजांत या कमतरतेचे प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. मुंबईतील संशोधकांनी पारशी समाजातील तिचे लक्षणीय प्रमाण १९६० च्या दशकातच नोंदवले. जनुकातील बदल सर्वत्र एकच नसतो; त्याच्या प्रकारांना बहुधा ठिकाणांची नावे दिली जातात, आणि त्यांतील एका प्रकाराला ठाणे जिल्ह्यातील कल्याणचे नाव आहे. मध्य आणि पूर्व भारतातील आदिवासी समाजांत मुख्यतः आढळणारा प्रकार ‘ओडिशा’ या नावाने ओळखला जातो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेने महाराष्ट्रासह देशभरच्या आदिवासी समाजांत या कमतरतेचा आणि तिच्या प्रकारांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे.

रक्तातून मेंदूकडे

प्रौढात रक्तविलयनाचा फटका मुख्यतः रक्तक्षयाच्या रूपाने बसतो. नवजात बाळात मात्र तो मेंदूकडे वळू शकतो. लाल पेशी मोडली की तिच्यातील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. गर्भावस्थेत हे द्रव्य वारेतून आईच्या रक्तात जाते आणि आईचे यकृत त्याची विल्हेवाट लावते. नाळ कापल्यावर ही जबाबदारी एकाएकी बाळाच्या यकृतावर येते, पण बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगे करणारे यकृतातील विकर त्या वेळी प्रौढाच्या मानाने जेमतेम १ टक्का काम करत असते. त्यात बाळाच्या लाल पेशी अल्पायुषी असतात, त्यांची संख्या भरपूर असते, आणि दूध कमी पोहोचले व शी उशिरा झाली तर आतड्यात उतरलेले बिलिरुबिन पुन्हा रक्तात शोषले जाते. पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी कावीळ दिसते तिचे कारण हे आहे, आणि बहुतेकांत ती आपोआप ओसरते.

जी-सिक्स-पीडीची कमतरता असलेल्या बाळात या नैसर्गिक काविळीला दोन बाजूंनी भर पडते: लाल पेशी अधिक वेगाने मोडतात, आणि शिवाय काहींच्या यकृतातील निचराही आनुवंशिक कारणांनी मंद असतो. रक्तातील बिलिरुबिन बहुतांशी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते आणि तसे असेतो ते मेंदूत शिरू शकत नाही. प्रमाण इतके वाढले की अल्ब्युमिनला ते धरवत नाही, तेव्हा सुटे बिलिरुबिन, स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे, रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसर ओलांडते. अपुऱ्या दिवसांचे बाळ, जंतुसंसर्ग आणि रक्तविलयन या स्थितींत हा धोका कमी पातळीवरच सुरू होतो, आणि म्हणूनच उपचाराच्या आधुनिक मार्गदर्शिकांत या विकराची कमतरता स्वतंत्र जोखीम म्हणून मोजली जाते.

मेंदूत शिरलेले बिलिरुबिन सर्वत्र सारखे पसरत नाही. मेंदूच्या गाभ्यातील, हालचालींना वळण देणारी करड्या द्रव्याची केंद्रके, डोळ्यांच्या हालचाली आणि श्रवण सांभाळणारी मस्तिष्क-स्तंभातील केंद्रके आणि तोल राखणारा लहान मेंदू या ठिकाणी ते विशेष रुतते आणि तेथील पेशींची ऊर्जानिर्मिती बंद पाडते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी १९०४ साली, दगावलेल्या बाळांच्या मेंदूतील ही पिवळी पडलेली केंद्रके पाहून या स्थितीला ‘केर्निक्टेरस’ हे नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ केंद्रकांची कावीळ असा होतो.

तिची पहिली लक्षणे फसवी असतात. बाळ सुस्त पडते, ओढून दूध पीत नाही, अंग सैल टाकते, आणि घरच्यांना ते ‘शांत’ वाटते. या टप्प्यावर उपचार झाले तर हानी बहुधा टळते. पुढे अंग ताठरते, मान मागे जाते, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि रडण्याचा स्वर कर्कश, उंच होतो. तोवर मेंदूतील जखम पक्की होत आलेली असते. यातून वाचलेल्या बाळात वर्षभरानंतर हातापायांच्या अनावर, पिळवटणाऱ्या हालचाली, बहिरेपणा, नजर वर न जाणे आणि दुधाच्या दातांवरील आवरण सदोष असणे अशी चौकडी दिसू लागते.

या चौकडीत बुद्धीचा उल्लेख नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. विचार आणि आकलन यांच्याशी संबंधित मेंदूचा बाह्य स्तर बिलिरुबिनच्या तडाख्यातून पुष्कळदा वाचतो. त्यामुळे हात नेमके हलवता न येणारे आणि बोलता न येणारे मूल भोवतालचे बरेच काही समजत असते, तरी समाज त्याला मतिमंद ठरवून मोकळा होतो. श्रवणाच्या बाबतीतही अशीच गफलत होऊ शकते. काही बाळांत कान शाबूत असतो, पण कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गातील संदेशांची लय बिघडलेली असते. अशा वेळी केवळ कानाचा प्रतिसाद मोजणारी सोपी तपासणी ‘ठीक’ म्हणते, आणि दोष कळतो तो मस्तिष्क-स्तंभापर्यंतचा विद्युत संदेश मोजणाऱ्या, ‘बेरा’ या नावाने परिचित असलेल्या तपासणीतच. तीव्र कावीळ होऊन गेलेल्या प्रत्येक बाळाची ही दुसरी तपासणी करावी लागते, ती याच कारणाने.

देवरीचा संदर्भ

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. देवरी हा त्याच्या छत्तीसगड सीमेवरचा, जंगलाने आणि धानाच्या बांध्यांनी व्यापलेला तालुका आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग त्याच्या मुख्य गावातून जातो, परंतु चिचगड, ककोडीच्या बाजूची अनेक गावे या रहदारीपासून दूर आहेत. गोंड आणि हलबा समाजांची वस्ती येथे मोठी असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय देवरीतच आहे. सिकलसेल, हिवताप आणि जी-सिक्स-पीडीची कमतरता या तिन्ही गोष्टी ज्या भूप्रदेशात एकमेकांवर पडतात, त्या मध्य भारताच्या पट्ट्यात हा तालुका मोडतो.

येथे दोन वेळापत्रकांची गाठ पडते. पहिले बिलिरुबिनचे: त्याची पातळी साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कळस गाठते. दुसरे आरोग्यसेवेचे: रुग्णालयात नैसर्गिक प्रसूती झालेल्या आईला साधारण ४८ तासांनी घरी सोडले जाते, आणि त्यानंतर गृहभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. म्हणजे बाळ रुग्णालयातून निघते ते बहुधा पिवळे होण्याआधी, आणि त्याचा मेंदू सर्वाधिक धोक्यात असतो तो काळ तिसऱ्या आणि सातव्या दिवसाच्या भेटींच्या मधोमध येतो. तिसऱ्या दिवसाच्या भेटीला म्हणूनच वजन-तापमानाच्या नोंदीपलीकडचे महत्त्व आहे.

या भेटीत कावीळ ओळखण्याची रीत साधी असली तरी काटेकोर आहे. बाळंतिणीची खोली बहुधा काळोखी ठेवलेली असते, बाळाला तेल-हळद लावलेली असते, आणि पिवळा बल्ब सर्वच गोष्टी पिवळ्या दाखवतो. अशा ठिकाणी अनुभवी नजरही चुकते. बाळाला दाराशी दिवसाच्या उजेडात आणून, अंग पुसून, कपाळावर आणि छातीवर अंगठ्याने क्षणभर दाबून मग अंगठा उचलला की रक्त बाजूला झालेल्या त्वचेचा मूळ रंग दिसतो. सावळ्या बाळात हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग, तळहात आणि तळपाय पाहावे लागतात. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. तो तळपायांपर्यंत पोहोचला असेल, पहिल्या २४ तासांतच दिसला असेल, किंवा पिवळे बाळ दूध ओढेनासे झाले असेल, तर सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवून वाट पाहणे म्हणजे मोलाचे तास घालवणे होय. नवजात बालकांचा विशेष काळजी कक्ष गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात आहे. आजारी बाळाला तेथपर्यंत विनामूल्य नेणे-आणणे आणि त्याचे उपचार ही जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून शासनाची जबाबदारी ठरवली आहे.

उपचारही फार गुंतागुंतीचा नाही. इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ साली सिस्टर जीन वॉर्ड यांच्या लक्षात आले की उन्हात ठेवलेल्या पिवळ्या बाळाची झाकलेली त्वचा पिवळीच राहिली आहे आणि उघडी त्वचा फिकट झाली आहे. त्या निरीक्षणावरून दिव्याचा उपचार साकारला आणि १९५८ साली तो वैद्यकीय जगापुढे मांडला गेला. लोक ज्याला ‘निळ्या लाईटखाली ठेवले’ म्हणतात तो हा उपचार. विशिष्ट निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृतातील त्या मंद विकराची वाट न पाहता तो पित्तातून व लघवीतून बाहेर पडू शकतो. पातळी फारच चढली तर बाळाचे रक्त थोडेथोडे काढून त्या जागी दुसरे रक्त भरावे लागते.

पेटीतला वास आणि इतर निमित्ते

कमतरता असलेल्या बाळात रक्तविलयनाला निमित्त ठरणाऱ्या गोष्टींपैकी एक मराठी घरांत हमखास असते, ती म्हणजे डांबरगोळी. ट्रंकेत किंवा कपाटात जपून ठेवलेली मऊ जुनी लुगडी बाळाच्या दुपट्यांसाठी बाहेर निघतात, तेव्हा त्यांना नॅप्थलीनचा उग्र वास चिकटलेला असतो. ते रसायन श्वासावाटे आणि, विशेषतः तेल लावलेल्या, त्वचेतून शरीरात जाऊन लाल पेशी फोडू शकते. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांपासून दूर ठेवणे आणि जुनी वस्त्रे धुऊन कडक उन्हात वाळवून मगच वापरणे, एवढ्याने हे निमित्त टळते. बाळाच्या अंगाला मेंदी लावल्यानेही या दोषात तीव्र रक्तविलयन झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

औषधांत प्रायमाक्विनचे स्थान पहिले. व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात यकृतात दडून बसलेले जंतू मारण्यासाठी ते १४ दिवस दिले जाते. एक वर्षाखालील बालके, गर्भवती आणि ही कमतरता असलेल्या व्यक्ती यांना ते न देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे, आणि गोळ्या चालू असताना लघवी गडद झाली तर त्या तत्काळ थांबवून रुग्णालय गाठायचे असते. कुष्ठरोगाच्या उपचारातील डॅप्सोन आणि लघवीच्या जंतुसंसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइन हीही सावधगिरीने द्यायची औषधे होत. अन्नात बाकल्याच्या शेंगांचे दाणे वर्ज्य मानले जातात. मात्र कोकणातले वाल आणि पावटे ही वेगळी वनस्पती आहे, आणि झाडीपट्टीत धानानंतर पेरल्या जाणाऱ्या लाखोळीच्या अतिसेवनाशी जोडला गेलेला पायांचा लुळेपणा हा आनुवंशिक नसलेला, पूर्णपणे निराळा विकार आहे.

एका थेंबाची तपासणी

जी-सिक्स-पीडी विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्याला एक्स गुणसूत्र एकच, तेही आईकडून मिळते, म्हणून सदोष जनुक आले की त्याच्यात कमतरता पूर्णपणे प्रकट होते. मुलीत दोन असल्यामुळे तिच्या काही लाल पेशी सशक्त तर काही दुबळ्या असतात, आणि तिचा धोका त्यांच्या प्रमाणावर ठरतो. यात आईचा दोष शोधण्यात अर्थ नाही. तिच्याकडे ते जनुक हिवतापातून तगलेल्या पूर्वजांकडून आलेले असते.

कमतरता ओळखण्याची चकाकी-तपासणी अमेरिकन रुधिरतज्ज्ञ अर्नेस्ट ब्यूटलर यांनी १९६० च्या दशकात सोपी करून दिली. रक्ताचा थेंब ठरावीक द्रावणात मिसळून त्याचा ठिपका टिपकागदावर घेतात आणि वाळल्यावर अतिनील दिव्याखाली धरतात; विकर असेल तर ठिपका उजळतो, नसेल तर काळाच राहतो. नुकतेच रक्तविलयन झालेले असेल तर दुबळ्या पेशी आधीच मोडलेल्या असल्यामुळे आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर जास्त असल्यामुळे निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून नाळेच्या रक्तावर किंवा काविळीआधी केलेली तपासणी अधिक भरवशाची. ज्या समाजांत पुरुषांमधील प्रमाण ३ ते ५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे तेथे प्रत्येक नवजाताची ही तपासणी व्हावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने १९८९ सालीच केली होती. गोव्याने २००८ साली राज्यपातळीवर नवजातांची चयापचय तपासणी सुरू करून असा कार्यक्रम आपल्याकडे उभा राहू शकतो हे दाखवले.

देवरीत याचा पाया नव्याने घालावा लागणार नाही. सिकलसेलसाठी रक्ताचा थेंब देणे विदर्भातील आदिवासी गावांना महाराष्ट्राच्या नियंत्रण कार्यक्रमामुळे परिचयाचे झाले आहे आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने ती तपासणी अधिक व्यापक केली आहे. त्याच हातांनी, त्याच सुईने जी-सिक्स-पीडीसाठी आणखी एक थेंब घेणे शक्य आहे. मुख्य प्रश्न निकालाचे पुढे काय होते हा आहे. प्रयोगशाळेच्या वहीत राहिलेला निकाल बाळाच्या उपयोगाचा नाही. तो माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक अक्षरांत लिहिला गेला, तर तिसऱ्या दिवशी आलेली आशा त्या बाळाकडे अधिक बारकाईने पाहील, चौथ्या दिवशी पुन्हा चक्कर मारील, आणि तेच कार्ड जपून ठेवले तर वीस वर्षांनी तेंदूच्या हंगामात थंडीताप भरलेल्या त्या तरुणाला प्रायमाक्विनची गोळी देण्याआधी आरोग्यसेवकाचा हात थांबेल.